ब्लॅक बुकवर चार नावं

पत्र :

नमस्कार सर. मी एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल विभागात सहायक प्राध्यापक आहे. यंदा माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा एक प्रोजेक्ट ग्रुप होता. विषय नेहमीचाच, काँक्रीटमध्ये सिमेंटऐवजी काही प्रमाणात औष्णिक वीज केंद्रातली राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश. चौघांत एक मुलगी. मिक्स डिझाइन (काँक्रीटच्या घटकांचं प्रमाण) तिनं केलं, कास्टिंगला तीच, क्यूब (चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे) फोडायला तीच, आणि ब्लॅक बुकसुद्धा, म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव अहवाल, तिनंच टाइप केलं. दोघं सांगू तेवढं करायचे. चौथा थेट ग्रुप फोटोच्या दिवशी उगवला. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मात्र त्यानं असं फाडफाड इंग्रजी झोडलं की एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, खूश. गुण चौघांना जवळजवळ सारखेच. निकालानंतर ती मुलगी भेटायला आली आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, पुढच्या बॅचच्या मुलींना सांगून ठेवा." मला काही बोलताच आलं नाही.

पुढच्या वर्षी गुण कसे देऊ, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की पीएचडीला मला हाच विषय घ्यावासा वाटतोय : सिव्हिलच्या मुलांचं टीमवर्क मोजायचं कसं. एचओडी (विभागप्रमुख) म्हणाले, "हे बी.एड.वाल्यांचं काम. तुम्ही काँक्रीटमध्येच करा, पेपर पटापट निघतात." काय करू?

— एक सहायक प्राध्यापिका, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर :

मॅडम, आधी त्या मुलीचं बघू. यंदाचे गुण आता बदलत नाहीत, त्यासाठी विद्यापीठाचे उंबरे झिजवू नका. पण ती नोकरीला किंवा एम.टेक.ला अर्ज करील तेव्हा शिफारसपत्र तुम्हीच देणार. त्यात "मेहनती व प्रामाणिक" ही छापील वाक्यं नकोत. कोणत्या ग्रेडचं मिक्स होतं, फ्लाय अ‍ॅश किती टक्क्यांपर्यंत नेली, स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) मिळेना तेव्हा तिनं काय बदललं, हे लिहा. वाचणारा इंजिनिअर असेल तर त्याला दोन ओळींत कळेल की काम कुणी केलंय.

त्या चौथ्यालाही एकदा फोन करा, झापायला नव्हे, कारण विचारायला. शेवटच्या वर्षाची बरीच मुलं कुठल्या तरी कॉन्ट्रॅक्टरकडे अर्धवेळ साइट बघत असतात, कुणी बँकेच्या परीक्षेच्या मागे असतो, आणि काही खरोखरच आयत्या बिळावरचे नागोबा असतात. यातला हा कुठला, ते तुमच्या पत्रावरून मला कळत नाही आणि तुम्हालाही ठाऊक नसावं. वर्षभरात ते तुम्हाला कळलं नाही, तर तुमच्या आणि ग्रुपच्या भेटी नुसत्या सह्यांपुरत्या होत असाव्यात. लॉगबुकातल्या सह्या मीही पाहिल्या आहेत. पंधरा आठवड्यांच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दुपारी.

आता गुणांकडे. तुमच्या पत्रात मला खरी गोम दिसते ती वेगळीच. मिक्स, कास्टिंग, टेस्टिंग, टायपिंग हे सगळं एका मुलीनं एकटीनं उरकलं. म्हणजे प्रोजेक्ट एका माणसाचाच होता, नियमामुळे त्यावर चार नावं चढली. अशा प्रोजेक्टला टीमवर्क मोजायची जगातली उत्तम पद्धत लावलीत, तरी ती फार तर हजेरी मोजेल. आधी काम असं द्या की ते एकट्याला जमूच नये.

सिव्हिलमध्ये त्यासाठी डोकं खाजवावं लागत नाही. तळमजला अधिक तीन मजल्यांची निवासी इमारत घ्या. एकाकडे प्लॅन आणि लोड, दुसऱ्याकडे स्लॅब-बीम, तिसऱ्याकडे कॉलम आणि त्यांचा पाया म्हणजे फुटिंग, चौथ्याकडे क्वांटिटी आणि एस्टिमेट. प्रत्येकाचा आकडा पुढच्याच्या शीटमध्ये जातो. मग सत्राच्या मधोमध तुम्ही एक बदल टाका : "क्लायंट म्हणतो, स्लॅब १२० ऐवजी १५० मिमीचा करा." तीस मिमी जादा काँक्रीट म्हणजे दर चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन डेड लोड (इमारतीच्या स्वतःच्या वजनाचा भार) वाढला, तोही प्रत्येक मजल्यावर. आता गंमत बघत बसा. स्लॅबवाला आपला शीट सुधारेलच. फुटिंगवाल्यापर्यंत ही बातमी पोचते का? किती दिवसांनी पोचते? एस्टिमेटमध्ये काँक्रीटचं घनफळ बदलतं का, की जुनाच आकडा ब्लॅक बुकमध्ये छापला जातो?

दोघांच्या कामाचा सांधा जिथं जुळतो, टीमवर्क तिथं दिसतं, आणि तिथंच ते तपासायचं. शीटवर रिव्हिजन क्रमांक आणि तारीख टाकायची सवय लावलीत की तुमचा निम्मा पुरावा आपोआप तयार होतो. व्हायवालाही प्रश्न आडवे टाका. फुटिंगवाल्याला फुटिंग विचारू नका. त्याला विचारा, "स्लॅबची जाडी का बदलली, आणि बदलल्याचं तुला कधी कळलं?" तुमच्या फ्लाय अ‍ॅशच्या ग्रुपमध्ये त्या इंग्रजीवाल्याला कुणी एवढंच विचारलं असतं, की "तुमच्या ग्रुपमधल्या मुलीनं वॉटर-सिमेंट रेशो हाच का धरला?", तरी पुष्कळ उलगडा झाला असता.

हे झालं तुमच्या डोळ्यांनी पाहणं. पण ग्रुपच्या आत काय चालतं ते ग्रुपलाच ठाऊक असतं, म्हणून एकमेकांना गुण द्यायला लावायचे. याच्यावर बाहेर भरपूर काम झालेलं आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या मंडळींच्या पुढाकारानं सीएटीएमई नावाची पद्धत उभी राहिली. तिच्यात प्रत्येक जण सोबत्यांना पाच बाबींवर जोखतो : कामातला वाटा, सोबत्यांशी वागणं, काम रुळावर ठेवणं, दर्जाचा आग्रह आणि लागणारं ज्ञान-कौशल्य. नुसतं "चांगला" किंवा "वाईट" लिहायचं नसतं. प्रत्येक पायरीला वर्तनाचं वर्णन दिलेलं असतं आणि त्यातलं लागू पडेल ते निवडायचं. ब्रिटनमध्ये लफबरो विद्यापीठानं वेबपीए केलं, सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात स्पार्क झालं. तुम्हाला सॉफ्टवेअरची गरज नाही. साठ मुलांना एक्सेल पुरतं.

आकडेमोड एकदा करून पाहू. चौघांचा ग्रुप, पाच बाबी, प्रत्येकी पाचपैकी गुण, स्वतःला द्यायचे नाहीत. म्हणजे तिघांकडून मिळून कमाल ७५. समजा चौघांना मिळाले ६६, ६०, ५७ आणि ३३. सरासरी ५४. ग्रुपच्या कामाला तुम्ही १०० पैकी ८० दिलेत. प्रत्येकाचे गुण भागिले सरासरी, गुणिले ८० असं सरळ केलंत तर ९८, ८९, ८४ आणि ४९ येतात. पहिली शंभरीला टेकली, चौथा आपटला. दुसऱ्या दिवशी पालक तुमच्या दारात. स्पार्कवाले इथं एक शहाणपण करतात : गुणोत्तराचं वर्गमूळ घेतात. मग तेच गुण ८८, ८४, ८२ आणि ६३ असे येतात. फरक राहतो, पण कुणाचा कडेलोट होत नाही. आणि हे सगळं फक्त तुमच्या हातातल्या इंटर्नल (कॉलेजातल्या) गुणांनाच लावा, तेही सत्राच्या पहिल्या दिवशी सूत्र फळ्यावर मांडून आणि चौघांच्या सह्या घेऊन. मागाहून सांगितलेलं सूत्र मुलांना सूड वाटतो.

पण हे सूत्रही आंधळेपणानं वापरू नका. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय प्रमाणसंहितेत क्यूबबद्दल काय म्हटलंय ते तुम्ही दरवर्षी शिकवता. तीन क्यूबची सरासरी म्हणजे सॅम्पलचा निकाल. पण एखादा क्यूब त्या सरासरीहून १५ टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली गेला, तर निकालच बाद. मग मुलांच्या गुणांची सरासरी काढताना ही शिस्त आपण का विसरतो? एखाद्याला दोघांनी पाच-पाच आणि तिसऱ्यानं एक दिला असेल, तर सरासरी ३.७ लिहून मोकळं होऊ नका. तिघांशी वेगवेगळं बोला. कदाचित भांडण झालं असेल, कदाचित दोघांनी संगनमत केलं असेल, कदाचित तिसऱ्यालाच खरं दिसलं असेल. विखुरलेले आकडे बोलावून घ्यायला सांगतात, एवढाच त्यांचा अर्थ धरा.

उलट सगळ्यांनी सगळ्यांना पाच-पाच दिले असतील, तरीही सावध राहा. आपल्याकडे हेच जास्त होतं. एकाच हॉस्टेलच्या खोलीत राहणारी मुलं एकमेकांना खाली दाखवत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकड्यासोबत एक प्रसंग लिहून घ्या. "सहकार्य करतो" चालणार नाही. "दुसऱ्या कास्टिंगला मिक्सर बंद पडला, तेव्हा यानं पत्र्यावर फावड्यानं मिक्स केलं" हे चालेल. पाच देताना प्रसंग आठवला नाही की पोरं आपसूक तीनवर येतात. शिवाय एक फेरी सत्राच्या मध्यावर, गुण न धरता घ्या, आणि ज्याचं त्याला नावं न सांगता दाखवा. आपण तळाला आहोत हे डिसेंबरात कळलं तर माणूस सुधारतो. व्हायवानंतर कळून उपयोग काय?

तळाला कोण जातं, तेही बघा. काम न करणाराच जातो असं नाही. मराठी माध्यमातून आलेला, प्रेझेंटेशनला मागं उभा राहणारा मुलगा कामात कमी नसतो, पण सोबत्यांच्या डोळ्यांत लीडर तोच जो इंग्रजीत बोलतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना शटरिंग आणि कास्टिंग बाकीच्यांपेक्षा अनेकदा जास्त कळतं, तरी "डिप्लोमावाला" म्हणून त्याची गणितं कुणी विचारत नाही. मुलींच्या वाट्याला रिपोर्ट आणि पीपीटी येते, यूटीएमजवळ (नमुने दाबून-ओढून तपासायच्या यंत्राजवळ) मुलगे उभे राहतात, आणि मग "टेक्निकल" कामाचे गुण मुलग्यांना पडतात. तुमच्या ग्रुपमधली ती मुलगी अपवाद ठरली, कारण तिनं दोन्ही केलं. म्हणून काम वाटतानाच वहीत लिहा की दर महिन्याला भूमिका बदलणार. कुणी काय केलं ते तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल, तर सोबत्यांच्या गुणांतला हा तिरकेपणा तुम्हाला ओळखता येईल.

आळसाबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, तुमच्या संशोधनालाही लागेल. मॅक्स रिंगेलमान हा फ्रेंच कृषी अभियंता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण एकत्र ओढत तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्यानं ओढतानाच्या निम्म्याजवळ येई. लोक इथंच थांबतात आणि "बघा, कामचुकार" म्हणतात. पण त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. काही जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जातो, आठ जण एकाच क्षणी ओढत नाहीत. काही खरोखर अंग चोरल्यामुळे जातो. पुढे १९७९ मध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून अमेरिकेत प्रयोग झाले, तेव्हा हे दोन भाग वेगळे करता आले. आपला वाटा वेगळा ओळखला जाणार आहे हे कळलं की अंग चोरणं बरंच थांबतं, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं. तुमच्या ग्रुपमधले ते "सांगू तेवढं करणारे" दोघं कुठल्या भागात मोडतात? मला विचाराल तर पहिल्या. त्यांना काय करायचं ते कुणी ठरवूनच दिलं नव्हतं.

आता पीएचडी. घ्या हा विषय, पण एचओडींचं म्हणणं आधी नीट खोडता आलं पाहिजे.

१७ जुलै १९८१, अमेरिकेत कॅन्सस सिटीचं हयात रिजन्सी हॉटेल. दालनात टांगलेले दोन वॉकवे कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून एकच लांब रॉड चौथ्या मजल्याच्या वॉकवेमधून खाली दुसऱ्या मजल्याच्या वॉकवेपर्यंत जात होता. एवढ्या लांब रॉडला आटे पाडणं जिकिरीचं, म्हणून पोलादी भाग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरनं दोन रॉड सुचवले : वरचा छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, खालचा चौथ्या मजल्याच्या बीमपासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर किरकोळ फरक. पण आता खालचा वॉकवे वरच्या वॉकवेच्या बीमला लटकला, आणि चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर एकाऐवजी दोन वॉकवेंचा भार आला, जवळजवळ दुप्पट. मूळ जोडणीसुद्धा शहराच्या कोडपेक्षा कमकुवतच होती. ही जोडणी डिझाइन करणं फॅब्रिकेटरचं काम, असं इंजिनिअर म्हणत होते. ते इंजिनिअरांनी केलं असेल, असं फॅब्रिकेटर समजून होता. मोडला तो सांधा दोघांच्या कामाच्या मधला होता. एचओडींना विचारा, हे बी.एड.मध्ये शिकवतात का.

त्यांना काँक्रीटच हवं असेल तर राहू दे, पण या क्षेत्राला घर नाही असं नाही. पर्ड्यूत २००४ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणाचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्याकडे मुंबई आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करता येते. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स सिव्हिलच्या शिक्षणाला वाहिलेलं नियतकालिक काढते, आणि तुमच्यापासून फार लांब नसलेल्या राजारामनगरहून, राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून, जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स निघतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. सुरुवातीचा पेपर तिकडे पाठवा. गाइड मात्र नीट शोधा. सिव्हिलमधला गाइड ज्याला सांख्यिकी नको वाटते आणि शिक्षणशास्त्रातला ज्याला फुटिंग ठाऊक नाही, या दोघांच्या मधे अडकलात तर पाच वर्षं जातील. दोन गाइड घ्यायची परवानगी असेल तर घ्या.

विषय मात्र आवरता ठेवा. "अभियांत्रिकी विद्यार्थ्यांमधील टीमवर्कचा अभ्यास" हे शीर्षक नव्हे, तो जिल्हा झाला. माझ्या मते तुमच्यासाठी उत्तम प्रयोगशाळा म्हणजे सर्व्हेचं प्रॅक्टिकल. ऑटो लेव्हलला (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीला) डोळा एकाचा, स्टाफ म्हणजे आकड्यांची उभी पट्टी दुसऱ्याच्या हातात, फील्ड बुक तिसऱ्याकडे. एकाला डावलून काम होतच नाही. आणि फेरी जिथून सुरू केली तिथं परत आली की क्लोजिंग एरर (सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीतली तफावत) लपत नाही : साधारण लेव्हलिंगला एक किलोमीटरच्या फेरीत २५ मिमीच्या आसपास चूक खपते, त्यापुढे पुन्हा करा. म्हणजे ग्रुपच्या कामाचा दर्जा मिलिमीटरमध्ये मिळतो, दर आठवड्याला मिळतो, आणि त्यात तुमचं मत मिसळलेलं नसतं. सोबत्यांनी दिलेले गुण आणि हा आकडा यांचा मेळ बसतो का, भूमिका फिरवल्या तर चूक घटते का, एवढा प्रश्न एका पीएचडीला भरपूर आहे. टोटल स्टेशन (मापं स्वतःच नोंदवणारं यंत्र) घेऊ नका, त्यानं फील्ड बुकवाला रिकामा बसतो.

दोन खाचखळगे सांगून ठेवतो. साठ मुलं म्हणजे साठ निरीक्षणं नव्हेत. चौघांचे पंधरा ग्रुप आहेत, आणि एका ग्रुपमधल्या चौघांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतात. एकाच बॅचमधून भरलेल्या तीन क्यूबना तुम्ही तीन बॅच म्हणणार नाही, तसंच हे. परीक्षक पहिला वार इथंच करतील, म्हणून दोन-तीन वर्षांच्या बॅच किंवा शेजारचं एखादं कॉलेज जोडून घ्यायची तयारी आत्ताच करा. दुसरं, संमती. ज्यांना तुम्ही गुण देता त्यांनाच "माझ्या संशोधनात भाग घ्याल का" विचारलं तर कोण नाही म्हणेल? संमतीपत्रं दुसऱ्या सहकाऱ्यानं गोळा करावीत, कुणी होकार दिला ते तुम्हाला निकाल लागेपर्यंत कळू नये, आणि नाही म्हणणाऱ्याच्या गुणांवर परिणाम नाही हे लिहून द्यावं. संस्थेत नैतिकता समिती असेल तर तिच्याकडून, नसेल तर जिथं नोंदणी कराल त्या विद्यापीठाकडून मंजुरी घ्या. हे मागाहून करता येत नाही.

राहता राहिले एचओडी. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशोदेशींच्या वॉशिंग्टन अकॉर्डचा भारत २०१४ मध्ये कायमचा सदस्य झाला, तेव्हापासून एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मागं सगळेच लागलेत. वैयक्तिक आणि सांघिक काम हा एनबीएच्या पीओंमधला (प्रोग्राम आउटकम, पदवीधराला काय यायला हवं ते) एक आहे. बारांच्या यादीत तो नववा होता, नव्या मांडणीत क्रमांक बदलला, बाब तीच राहिली. तुमच्या विभागात त्याचा पुरावा म्हणून काय जोडतात? कुठल्या विषयातून कुठला पीओ साधतो त्या मॅपिंगच्या तक्त्यात प्रोजेक्टसमोर तीनचा, म्हणजे सर्वांत वरचा, आकडा आणि ग्रुप फोटो, बरोबर ना? तोच फोटो, ज्याच्या दिवशी तुमचा चौथा उगवला. एचओडींकडे पीएचडीचा अर्ज घेऊन जाऊ नका. मध्यावरची फेरी, प्रसंगांचे फॉर्म, रिव्हिजनच्या तारखा आणि लेव्हलिंगच्या एररचा तक्ता घेऊन जा, आणि म्हणा की त्या पीओचा पुरावा विभागासाठी मी दरवर्षी तयार करीन. एनबीएची फाइल भरायला कुणी स्वतःहून पुढं आलंय म्हटल्यावर नको म्हणणारे एचओडी मला अजून भेटायचे आहेत.